मदर बदलत्यात व्हय?

आमच्या गल्लीत लाईट ही बाईमाणूस होती. ती जायची, ती यायची, कधी रुसल्यासारखी अर्धीच यायची आणि मग ट्यूब नुसती दोन्ही टोकांना लाल होऊन बसायची. ती गेली की मंगळवार पेठेतला आमचा सगळा बोळ एकदम गप्प व्हायचा, कारण पंखे, टेप, पिठाची गिरण सगळं तिच्याच जिवावर. आणि ती परत आली की बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आरोळी उठायची, "आली". पोरं ओरडायची, जाणती माणसं ओरडायची, तालमीतले पैलवान अंगाची माती तशीच घेऊन दारात येऊन ओरडायचे. आमच्या घरात हा मान आईचा. ती शिलाईकाम करायची, तोंडात कायम टाचण्या. त्या काढून तळहातावर घेऊन ती आधी "आली गं बाई" म्हणायची आणि मगच पायमशीन पुन्हा सुरू व्हायचं. पायमशीनला लाईट लागत नाही, हे आप्पा तिला दर वेळी सांगायचे. ती म्हणायची, "मशनीला लागत न्हाय, मला लागती." आता मी पुण्यात राहते, सोसायटीला जनरेटर आहे, लाईट गेल्याचं कळतसुद्धा नाही. पन्नाशी जवळ आली, पण ती आरोळी ऐकल्याला किती वर्षं झाली याचा हिशेब मी करत नाही. ती ऐकायला मला आवडेल की नाही, हेच मला ठाऊक नाही.

आप्पा उद्यमनगरात लेथवर टर्नर होते. दिवसभर लोखंड कातताना ऐकायचं आणि त्याच्यावर आवाज काढून बोलायचं, अशी सवय, त्यामुळे घरातही मीठ मागायचे ते पलीकडच्या शेडमधल्या माणसाला हाक मारल्यासारखं. आई त्याच आवाजात उत्तर द्यायची. पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय, आणि आम्ही तर खर्डा आणि भाकरी घेऊन शांतपणे जेवत असायचो. मी त्यांची एकुलती एक, वैजयंता, हाकेला वैजू. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स करत होते. इथं लिहिताना मी 'करत होते' असं लिहिते, पण तेव्हा मी असं बोलत नव्हते. आमच्याकडं पोरी 'मी जातो, मी येतो, मी जेवलो' असंच म्हणायच्या, अजूनही म्हणतात. 'मी आले' असं म्हणणारी पोरगी म्हणजे पुण्यामुंबईची पाहुणी, नाहीतर नाटकात काम करणारी. हे आत्ता सांगून ठेवते, कारण पुढं ते लागणार आहे.

कॉम्प्युटर घरात आला तो सुट्या भागांत. राजारामपुरीत एका जिन्याखाली महांतेशदादाचं दुकान होतं. तो निपाणीकडचा, घरात कन्नड बोलणारा, मला अक्का म्हणायचा आणि मी त्याला दादा म्हणायचे, त्यामुळे मोठं कोण हा प्रश्न कधीच सुटला नाही. नवा मोठा प्रोसेसर घ्यायची आमची ऐपत नव्हती. महांतेशदादा म्हणाला, लहानच घेऊ आणि ओव्हरक्लॉक करू, म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवू. त्यानं भाग आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, सतरंजीवर मांडले आणि बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठा, हिरवा, चौकोनी बोर्ड दोन हातांनी उचलून दाखवला. "ही मदर. बाकीची समदी हिच्यावर बसत्यात." आमच्याकडं मदरबोर्ड असं अख्खं कुणी म्हणतच नाही. मदर बसवली, मदर तापली, मदर गेली. आई टाचण्या काढून म्हणाली, "समदी हिच्यावर बसत्यात व्हय? आनि ही कशावर बसायची?" महांतेशदादा विचारात पडला. "इस्क्रूवर, काकू," तो म्हणाला. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं पेटीच्या बाहेरच्या पत्र्याला हळदकुंकवाची बोटं ओढली आणि सगळ्यांना पोळ्याची आमटी, म्हणजे पुरणाच्या कटाची, वाढली. महांतेशदादा अजून त्या आमटीची आठवण काढतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आई गेली. दुपार कलत होती. आई मशीनवर ब्लाउज शिवत बसली होती, आप्पांना सुट्टी होती, ते पेपर वाचत होते आणि मी माळ्यावरून लोणच्याची बरणी काढत होते. लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला आणि त्याच्याबरोबर मशीनही थांबलं, नेहमीप्रमाणे. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं. आप्पा काहीतरी बोलत होते, उसाच्या बैलगाड्यांबद्दल की कशाबद्दल, आणि आई ऐकत नव्हती, तेही नेहमीचंच. बऱ्याच वेळानं पंखा हलला. बोळ ओरडला, "आली". आम्ही दोघंही नकळत थांबलो, कारण त्याच्या मागून एक आवाज यायचा असतो. तो आला नाही. आप्पा पेपरातून मान न काढता म्हणाले, "अगं, आली की." मग त्यांनी मान वर केली. आई मशीनच्या फळीवर डोकं टेकून बसली होती, तळहात उघडा, त्यावर टाचण्या. डॉक्टर म्हणाले हृदय. कधी ते त्यांना सांगता येईना, म्हणजे लाईट गेली तेव्हा की त्यानंतर. आप्पांनी ते पुन्हा पुन्हा विचारलं.

दिवस झाले, पाहुणे पांगले. आप्पांची थोरली बहीण, आमची आत्या, जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आता तूच ह्या घरची आई. समदं तुझ्यावरच." तिचं प्रेमच होतं ते. पण मला सतरंजीवरचा हिरवा चौकोन दिसला आणि आईचा प्रश्न ऐकू आला, आणि मला रडू यायच्या ऐवजी रागच आला. त्या वयातल्या पोरीला आई हो म्हणणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो.

आप्पा कामाला जायचे, यायचे, जेवायचे. आवाज मात्र गेला होता. मीठ मागायचे ते इतक्या हळू की मला वाकून विचारावं लागायचं. आणि संध्याकाळी लाईट जाऊन परत आली, बोळ "आली" म्हणून ओरडला, की आप्पा दाराकडं बघायचे. दिव्याकडं नाही, दाराकडं. प्रत्येक वेळी. भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे ते रोजच व्हायचं. मी चुलीपाशी काहीतरी करत असल्याचं सोंग करायची आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा बघायची. गेली तीही बाई आणि आली म्हणतात तीही बाई. गल्लीतल्या माणसांना काय माहीत, ते कुणाचं नाव घेतायत.

त्यातच मदरनं एक चाळा सुरू केला. बोर्डावर एक बटणासारखा बारका सेल असतो. लाईट नसताना तारीख-वेळ सांभाळायचं काम त्याचं. तो संपला. मग दर वेळी लाईट जाऊन आली आणि कॉम्प्युटर चालू केला, की तो सगळं विसरून बोर्ड बनला त्या सालच्या एक जानेवारीला जाऊन बसायचा. पडद्यावर ते साल यायचं आणि मी ते दुरुस्त करायची. एकदा आप्पा मागं उभे होते. त्यांनी विचारलं, "कुठलं साल दाखवालंय हे?" मी सांगितलं. ते साल म्हणजे आई घरात होती, हातातून मशीन सुटत नव्हतं, दिवाळीआधी ब्लाउजांचा ढीग तिच्या डोक्याच्या वर गेला होता. आप्पा पडद्याजवळ वाकले. "म्हंजे अजून हाय," ते म्हणाले. मी नवा सेल आणला तेव्हा ते म्हणाले, "राहू दे की." सेल पायमशीनच्या खणात पडून राहिला. त्यानंतर कामावरून आले की ते पाय धुवायच्या आधी विचारायचे, लाईट गेलती का. गेलती म्हटलं की कॉम्प्युटर चालू करायला सांगायचे आणि ते साल येईपर्यंत दारातच उभे राहायचे. मला भीती वाटायची. आई दिसेल याची नाही. आप्पा हळूहळू त्या सालात राहायला जातील आणि मला इथं एकटीला ठेवतील, याची.

मला जायचं होतं पुण्याला. तिथं अॅनिमेशन शिकवणारी एक संस्था होती आणि स्वतः केलेली छोटी फिल्म बघून ते प्रवेश देत. दिवाळीच्या आत सीडी पाठवायची होती. मी आईचं पायमशीन केलं होतं. चाक, पट्टा, सुई, खालची लोखंडी जाळीची पायटी. मशीनवर कुणी नाही आणि पायटी खालीवर होतेय, एवढंच. असं एकेक चित्र तयार करायला कॉम्प्युटरला फार जोर लागायचा, म्हणून मी बोर्डावरचे जंपर, म्हणजे वेग ठरवणाऱ्या बारक्या टोप्या, बदलून प्रोसेसरचा वेग वाढवत गेले, पेटीचं दार काढून टेबलफॅन समोर लावला. पण मदर डगमगायची. प्रोसेसर पळायला तयार, त्याला खाली धरून ठेवणारी जागाच हलायची. पायटी अर्ध्यात आली की पडदा निळा. पुन्हा पहिल्यापासून. आणि पंख्यांची घरघर बंद झाली की घर ऐकू यायला लागायचं. मला अशा वेळी पायटीचा आवाज आलाय, खडक खडक, स्वच्छ. मी आप्पांना कधी विचारलं नाही, तुम्हाला येतो का. ते येतो म्हणाले असते तर मी काय केलं असतं?

आई गेल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला घरात सण नव्हता. दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला आप्पा कारखान्यातून लवकर आले, हातात झेंडूची माळ आणि नारळ. लेथची पूजा करून आले होते, आता घरातल्या हत्यारांची. पायमशीन, विळी, कातर, सायकल सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मी स्वयंपाकघरात होते. आत येऊन म्हणाले, "पोरी, तुझं मशीन चालू कर, पूजा झाली." आवाज चांगला मोठा होता, कित्येक महिन्यांनी. मला इतकं बरं वाटलं की मी हात पुसत गेले आणि न बघता बटण दाबलं. फट् झालं, जळका वास आला आणि पडदा काळाच राहिला. तेव्हा मी पेटीत वाकून बघितलं. आईनं पत्र्याला बाहेरून लावलं होतं. आप्पांनी पेटी उघडीच आहे म्हटल्यावर आत हात घातला होता आणि थेट मदरच्या मधोमध ओलं कुंकू लावलं होतं, बाईच्या कपाळाला लावतात तसं, बोटानं नीट गोल करून. वर झेंडूचं फूल. आणि लेथवर शिंपडतात तसं नारळाचं पाणी. लेथला त्यानं काही होत नाही, पुसून तेल लावलं की झालं. आई अहेव, सवाष्णपणी गेली होती. तिला शेवटचं कुंकू आप्पांनीच लावलं होतं, त्याच बोटानं. मला ओरडायचं होतं, पण त्या कुंकवाचा गोल बघितला आणि मी नुसता प्लग काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्यालाच, बोर्ड रुमालात गुंडाळून आणि बाकीची पेटी सायकलला बांधून आम्ही महांतेशदादाकडं गेलो. आप्पा आपणहून आले. दादानं बोर्ड उजेडात धरला, वास घेतला, मीटरच्या सुया टेकवून बघितल्या आणि सवयीनं म्हणाला, "मदर गेली, अक्का." मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं मीटर बाजूला ठेवला. आप्पांनी शांतपणे विचारलं, "मग आता?"

"बदलायला पायजे, काका."

"मदर बदलत्यात व्हय?" आप्पा म्हणाले. चेष्टेनं नाही. त्यांना खरंच विचारायचं होतं.

दादानं दोन बोर्ड काढले. एक देखणा, हव्या तेवढ्या वेगाला चढणारा, सगळे आकडे पडद्यावरच बदलता येणारे. दुसरा साधा, जाड, निवडायला फारसं काही न देणारा. मला पहिला हवा होता. दिवाळी तोंडावर होती आणि त्याच्यावर माझं काम भराभर उरकलं असतं. दादा म्हणाला, चालवून बघ की. त्याच्या दुकानात मी दुपारभर आळीपाळीनं दोन्ही पळवले. देखण्यावर वेग झकास, पण मीटरचा काटा सारखा हलायचा आणि आमच्या पेठेतली लाईट तर दादाच्या दुकानातल्यापेक्षा नाठाळ. त्याचे काही कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचे उभे बारके डबे, आत्ताच डोक्याला किंचित फुगलेले वाटत होते. साध्यावर वेग थोडा कमी ठेवावा लागला, पण काटा ठेवल्या जागी बसून राहिला, आणि पायटी पहिल्यांदा शेवटपर्यंत खालीवर झाली. दादा म्हणाला, "अक्का, पळणारं वेगळं, पळवणारं वेगळं. खालची जागा हलली न्हाय पायजे." आप्पा चहाचा पेला हातात धरून हे सगळं बघत होते. त्यांनी एकच विचारलं.

"लाईट गेल्यावर हिला आठवतंय का?"

"आठवतंय की काका. सेल नवा हाय. तारीख, वार, समदं."

"म्हंजे आजचंच साल दाखवणार."

"व्हय."

आप्पांनी चहा संपवला, पेला खाली ठेवला.  ते नको म्हणाले असते तर मी घेतला नसता, पुण्याला गेले नसते, आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या घरात इस्क्रूवर बसले असते. हे मी आज पूर्ण खात्रीनं सांगते. आप्पा म्हणाले, "हीच घे. मागचं साल दाखवायला घरात मी हाय की." आणि जुना बोर्ड पुन्हा रुमालात बांधून, कुंकवाला हात लागू न देता, त्यांनी पिशवीत ठेवला. संध्याकाळी दादाच्या दारात सोनं द्यायला गेलो तेव्हा त्यानं आधी आप्पांच्या पाया पडून घेतलं.

फिल्म दिवाळीआधी झाली. आप्पांना दाखवली. बाई नसलेलं मशीन चाललं, पट्टा फिरला, पायटी हलली. आप्पांनी विचारलं, "पाय न्हाईत काढलेस?"

"माणूस काढाय येत न्हाय मला अजून."

"बरं झालं," ते म्हणाले. "आलं असतं तर दुसऱ्याच कुणासारखं तरी आलं असतं."

मी पुण्याला गेले. पहिल्या दिवशी वर्गात "सर, मी आलो" म्हणाले आणि सगळे हसले. पुढं मी 'आले' म्हणायला शिकले, पण ते जिभेवरच राहिलं, आत उतरलं नाही. सुट्टीला पहिल्यांदा घरी आले तेव्हा तिन्हीसांजेची वेळ होती. बोळात शिरले तर सगळीकडं अंधारून आलेलं, लाईट गेलेली, माणसं दारादारांत बसलेली. आप्पा आमच्या उंबऱ्यावर बसले होते. मागं सोप्यात पायमशीन, त्याच्या वरच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला जुना बोर्ड, मधोमध वाळून काळपट झालेला कुंकवाचा गोल. तो आजही तिथंच आहे. घरात आता कुणी राहत नाही, तरी मी तो काढलेला नाही. मी बॅग खाली ठेवली आणि आमच्याकडच्या पोरी म्हणतात तसं म्हणाले, "आप्पा, आलो वो."

त्याच क्षणी दिवे लागले आणि अख्खा बोळ ओरडला, "आली".

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागं, बोळाकडं. चेहऱ्यावर भीती नव्हती, वाट बघणंही नव्हतं, घरचं माणूस ओळखू यावं एवढंच होतं. मागं वळून बघायचा मला धीर झाला नाही, अजूनही त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि उंबऱ्यावरून बाजूला सरकले. एकटीला लागते त्याहून जास्त, दोघींना बरोबरीनं आत येता येईल एवढी जागा त्यांनी करून दिली.